आजारपणानंतर आधी विम्याचा दावा की आधी नोकरी? राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचे भाऊ 43 वर्षांचे. जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात अकरा वर्षं एक्स्ट्रूडर मशीनवर (पाइप काढणाऱ्या यंत्रावर) ऑपरेटर, पगार 18,000 रुपये. ऑगस्ट 2025 मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता काठीशिवाय चालतात, बोलणं स्वच्छ झालंय, पण उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी नाही. कंपनी म्हणते, राजीनामा द्या, बरं वाटलं की ठेकेदारामार्फत परत घेऊ. विमा एजंट म्हणतो, कामावर गेलात तर दावा बुडेल. आणि भाऊ पाच महिन्यांच्या घरबशीला इतके कंटाळलेत की ‘काय व्हई ते व्हई, सही करी टाकस’ म्हणतात.

त्यांना सही करू देऊ नका. बाकी सगळं निवांत वाचा, पण हे आजच त्यांना सांगा.

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात कामगारांचे विमा आणि नोकरीचे प्रश्न मी बरीच वर्षं हाताळतोय. आजारपणानंतर माणसाचं जास्तीत जास्त नुकसान आजाराने होत नाही, कागदांच्या चुकलेल्या क्रमाने होतं. बरेच हक्क ‘नोकरीत असताना’ या अटीला बांधलेले असतात. राजीनामा दिला की तो माणूस आजारामुळे काम सुटलेला कामगार राहत नाही, स्वखुशीने नोकरी सोडलेला ठरतो. कंपनीला राजीनामाच का हवा असतो? औद्योगिक कायद्यात सततच्या आजारपणामुळे सेवा संपवण्याची वाट मालकाला आहे, आणि ती कामगार कपात धरली जात नाही, म्हणून तिची भरपाईही द्यावी लागत नाही. पण त्या वाटेने जायचं तर आजार खरोखर लांबलेला आहे आणि माणूस कामाला येऊ शकत नाही, हे मालकाला दाखवावं लागतं. राजीनामा मिळाला की काहीच दाखवावं लागत नाही.

आता विम्याकडे येऊ. आपल्याकडे ‘अपंगत्व विमा’ म्हटलं की लोकांना वाटतं, हातपाय गेले की दरमहा पगारासारखे पैसे येतील. काही देशांत तसे विमे सर्रास असतात, पगाराचा ठरावीक हिस्सा महिनोन्‌महिने देतात. आपल्याकडे सर्वसामान्य माणसाच्या हातात असलेली बहुतेक अपंगत्वाची पॉलिसी अपघाताची असते, आजाराची नसते. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 2 लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला 1 लाख देते, पण ते अपघातानेच आलेलं हवं. एलआयसीचा अपघाती मृत्यू व अपंगत्व रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कवच, अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वाला लागू होतो. रायडरची रक्कम दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळते आणि पुढचा प्रीमियम माफ होतो. वैयक्तिक अपघात विम्यात तात्पुरत्या अपंगत्वासाठी आठवड्याला साधारण विमा रकमेच्या 1 टक्क्याचा लाभ असतो, तोही अपघातालाच. पक्षाघात या तिन्हींत बसत नाही. एजंट दादांना राग येईल, पण भावांच्या एलआयसी पॉलिसीवर आत्ता दावा उभाच राहत नाही. मग कामावर गेल्याने तो बुडेल कसा?

त्यांचं खरं विमा कवच दोन ठिकाणी आहे. एक ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, आणि दुसरी तुम्ही फोटो पाठवलेली 5 लाखांची गंभीर आजाराची पॉलिसी.

ईएसआयबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण एमआयडीसीतला निम्मा कामगार पगारातून कापला जाणारा हा पैसा दवाखान्याच्या औषधांपुरताच आहे असं समजतो. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना हे लागू आहे. कामगाराचा वाटा 0.75 टक्के, मालकाचा 3.25 टक्के. आजारपणाचा लाभ पगाराच्या 70 टक्के, जास्तीत जास्त 91 दिवस. बहुतेकांना इथपर्यंतच ठाऊक असतं आणि 91 दिवस संपले की ते गप्प बसतात. पण ईएसआयच्या यादीत 34 दीर्घ आजार आहेत. क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं यांच्याबरोबर पक्षाघाताने अर्धांग लुळं पडणंही त्यात आहे. या आजारांना 91 दिवसांनंतर विस्तारित लाभ मिळतो, पगाराच्या 80 टक्के, आणि वैद्यकीय मंडळाने शिफारस केली तर तो दोन वर्षांपर्यंत वाढतो. अट अशी की सलग दोन वर्षं नोकरी आणि त्या काळातल्या सहा-सहा महिन्यांच्या चार अंशदान कालावधींत मिळून 156 दिवसांचं अंशदान असावं. अकरा वर्षांच्या नोकरीत ते नसेल असं मला वाटत नाही.

ढोबळ हिशोब करून दाखवतो. दिवसाचा सरासरी पगार 600 धरला तर पहिल्या टप्प्यात दिवसाला 420 आणि विस्तारित लाभात 480 रुपये. महिन्याला 14,000 च्या आसपास. पाच महिने घरात एक रुपया आला नाही असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हा पैसा त्यांच्या हक्काचा होता. अजून वेळ गेलेली नाही. त्यांचा उपचार खासगी रुग्णालयात झाला म्हणून ईएसआयचे दाखले नाहीत. डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन आणि एमआरआयचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, फिजिओथेरपीच्या नोंदी, सगळं घेऊन ईएसआयच्या डॉक्टरांना भेटा आणि मागच्या काळाचा पर्यायी वैद्यकीय पुरावा म्हणून लेखी अर्जासोबत द्या. यात आता एक आठवडाही दवडू नका.

इथे दोन गोष्टी जपा. लाभ चालू असताना ज्या दिवशी माणूस काम करतो त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, मग ते काम चुलतभावाच्या दुकानात गल्ल्यावर बसण्याचं का असेना. दुसरं, लाभ घेत असताना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय भाग सोडून जायचं नसतं. आपल्याकडे प्रत्येक घराचं कुणी ना कुणी सुरतेला असतं, आणि ‘तिकडे चांगला मालिशवाला आहे’ म्हणून पेशंटला नेतात. न्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून लेखी परवानगी घ्या.

1948 च्या ईएसआय कायद्याच्या कलम 73 मध्ये, आजारपणाचा लाभ किंवा उपचार चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये किंवा शिक्षा करू नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता, म्हणजे नवे एकत्रित कामगार कायदे, लागू झाल्या आणि ईएसआय, पीएफ, ग्रॅच्युइटी हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेखाली आलं. त्यामुळे अर्जात कलमांचे जुने आकडे फेकण्यापेक्षा घडलेल्या गोष्टी तारखेसह लिहा. भावांचं आजारपण जुना कायदा चालू असताना, ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं, हे मात्र आवर्जून नमूद करा.

गंभीर आजाराच्या पॉलिसीचा नोकरीशी काही संबंध नाही. ती पगार बुडाल्याबद्दल पैसे देत नाही. ठरलेला आजार ठरलेल्या व्याख्येत बसला की एकरकमी रक्कम देते. पैसे मिळाल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी कामावर गेला तरी कंपनी ते परत मागू शकत नाही. अडचण व्याख्येची असते. पक्षाघाताच्या प्रमाणित व्याख्येत, मज्जासंस्थेतला कायमचा दोष किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. काही तासांत उतरलेला झटका त्यात धरत नाहीत. भावांना पाच महिने झालेत आणि पकड अजून कमी आहे, म्हणजे दावा व्याख्येत बसायला हवा. पण डॉक्टर प्रेमाने पेशंटचा धीर वाढवायला कागदावर ‘पूर्ण बरे’ लिहून देतात आणि विमा कंपनी तेवढीच ओळ उचलते. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन आजची स्थिती जशी आहे तशी लिहून घ्या: हातात किती ताकद उरली, बटणं लावता येतात का, पेन धरता येतो का, कोणती कामं जमतात आणि कोणती नाहीत. फुगवून लिहायचं नाही आणि झाकायचंही नाही. हाच कागद कंपनीकडे जाणार आहे, हाच विम्याकडे, हाच दिव्यांग मंडळाकडे. तीन ठिकाणी तीन गोष्टी लिहिलेल्या आढळल्या की तिन्हीकडून माणूस खोटा ठरतो.

यावरच लोक सगळ्यात जास्त अडखळतात, म्हणून थोडं थांबतो. ‘किती टक्के अपंगत्व?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी शरीराच्या कार्याचं मोजमाप असते. 40 टक्के किंवा जास्त असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले आरक्षणासारखे पुष्कळसे लाभ मिळतात. कामावर झालेल्या इजेत ईएसआयचं मंडळ कमावण्याची क्षमता किती घटली ते ठरवतं. तिथे कुशल कारागिराची दोन बोटं गेली तर वेगळा आकडा निघू शकतो. आणि विमा पॉलिसी तिच्या छापील व्याख्येपलीकडे काहीच पाहत नाही. बऱ्याच पॉलिसींत ‘कायमचं पूर्ण अपंगत्व’ म्हणजे पोटासाठी कुठलंही काम करता न येणं. रावेरहून दिल्लीकडे केळीचा ट्रक नेणारा ड्रायव्हर अपघातानंतर ट्रक चालवू शकत नसला तरी बसून पावत्या फाडू शकतो, एवढं दाखवून अशा पॉलिसीत दावा नाकारला जातो. तुमच्या एजंटाने कुठेतरी हेच ऐकलं असणार आणि सगळ्या पॉलिसींना एकच नियम लावला. ‘कुठलंही काम करू शकत नाही’ या व्याख्येखाली दावा असेल तिथे पुन्हा कामावर जाणं खरोखर आड येऊ शकतं. भावांचा दावा त्या जातीचा नाही.

ग्रॅच्युइटीच्या कायद्यात व्याख्या बरीच उदार आहे. अपघात किंवा आजारामुळे माणूस आधी करत होता ते काम करायला असमर्थ झाला, एवढं पुरे, आणि तसं असेल तर पाच वर्षांची अटही नाही. तुमच्या भावांना अकरा वर्षं झालीत, त्यामुळे ग्रॅच्युइटी कशीही मिळेल. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 असेल तर 82,500 च्या आसपास. पण हे वाचणाऱ्यांत कुणाची तीनच वर्षं झाली असतील आणि आजारामुळे काम सुटत असेल, तर राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहून त्याने ते पैसे सोडून देऊ नयेत. आजार आणि त्याने आलेली असमर्थता, हेच कारण कागदावर यायला हवं.

पीएफच्या पेन्शनचंही तसंच. 1995 च्या पेन्शन योजनेत, नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट न लावता पेन्शन मिळते, एक महिन्याचं अंशदान असलं तरी. अपंगत्व कामावरच आलं पाहिजे असंही नाही. वैद्यकीय मंडळाची तपासणी होते. रक्कम थोडी असते, किमान 1,000 रुपये महिना, पण तहहयात असते. ‘नोकरीत असताना’ हे शब्द इथेही आहेतच. भावांना कामावर परतायचंय, म्हणून आत्ता या वाटेला जाऊ नका. पुढे दुर्दैवाने तब्येत ढासळली तर ती उघडी राहावी, यासाठी नोंद तुटू देऊ नका.

आता कंपनीचं ‘ठेकेदारामार्फत परत घेऊ’. याचा अर्थ अकरा वर्षांची सेवा शून्यावर येईल, पुढची ग्रॅच्युइटी नव्याने मोजली जाईल, कायम कामगार म्हणून असलेलं संरक्षण जाईल. शिवाय कंपनीने कामगारांचा सामूहिक जीवन विमा काढला असेल तर तोही सुटेल. अशा सामूहिक विम्यात बहुधा एक अट असते: कवच सुरू होण्याच्या किंवा वाढण्याच्या दिवशी माणूस प्रत्यक्ष कामावर हजर हवा. नव्या ठेकेदाराकडे नवा विमा निघाला आणि भाऊ त्या दिवशी रजेवर असले तर कवच लागूच होणार नाही. आणि पक्षाघातानंतर बाहेर नवा मुदतीचा विमा काढायला गेलं तर कंपन्या एक तर थांबायला सांगतात, नाही तर भरमसाट प्रीमियम लावतात. म्हणून त्यांच्या आहेत त्या पॉलिसींचे हप्ते काहीही करून चालू ठेवा. पॉलिसी एकदा बंद पडली की पुन्हा सुरू करताना तब्येतीचं निवेदन मागतात, आणि तिथे आता पक्षाघात लिहावा लागेल.

घराचं कर्ज असेल तर त्याची फाइल एकदा काढून बघा. कर्ज देताना बँका आणि वित्तसंस्था कित्येकदा विमा गळ्यात मारतात, त्यात कधी गंभीर आजाराचं कवच असतं, आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असणाऱ्यांची स्थिती बरीच मजबूत आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 नुसार, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर ढकलू शकत नाही. त्या कामाला योग्य नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचं. भुसावळला रेल्वेत ‘मेडिकल डीकॅट’ झालेला, म्हणजे वैद्यकीय तपासणीत त्या कामाला अपात्र ठरलेला लोको पायलट दुसऱ्या कामावर जातो, हे तिथल्या घराघरांत ठाऊक आहे. एसटीच्या चालक-वाहकांना मात्र आपला हक्क पुष्कळदा माहीत नसतो. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या रंगांधळेपणामुळे कमी केलेल्या चालकाच्या बाजूने निकाल देताना, पर्यायी काम शोधणं ही मालकाची जबाबदारी आहे असं सांगितलं. आपल्याकडच्या डेपोतल्या भावांनी हा निकाल जवळ ठेवावा.

खासगी कारखान्याला हे कलम तसं लागू नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण त्याच कायद्याचं कलम 3 अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतं, आणि वीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेला दिव्यांगांसाठी समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते धोरण लेखी मागा. बहुतेक ठिकाणी ते नसतं, आणि मागितल्यावर बोलण्याचा सूर बदलतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा; तपासणीची तारीख सरकारी रुग्णालयाची मिळेल. सुधारणा चालू असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्रही देतात. कंपनीने दाद दिली नाही तर जळगावच्या सहायक कामगार आयुक्तांकडे आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी जा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. खानदेश त्यांच्याच कक्षेत आहे, फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्षाची. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग.

रुजू होण्याचा क्रमही सांगतो, कारण इथे महिने वाया जातात. ईएसआयचा फिटनेस दाखला आधी घेतला आणि कंपनीने ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं, तर त्या दिवसापासून लाभ बंद आणि पगारही नाही. म्हणून आधी कंपनीला पत्र द्या, हलकं काम कोणतं मिळणार हे ठरवून घ्या आणि रुजू होण्याच्या तारखेलाच दाखला बसेल असं डॉक्टरांशी बोला. एक्स्ट्रूडरवर गरम पाइप आणि फिरते रोलर असतात. उजव्या हाताची पकड नसताना तिथे उभं राहू नये, भाऊ कितीही म्हणाले तरी. स्टोअर, वजनकाटा, गेटपास, क्वालिटीची मोजमापं, ही कामं त्यांना जमतील. अकरा वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला पाइपचा दोष नजरेने कळतो, हे कंपनीलाही ठाऊक आहे. रातपाळी सहा महिने नको, हे न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्या.

पत्र असं लिहा, भावांच्या सहीने:

‘मी आपल्या कारखान्यात गेली अकरा वर्षे एक्स्ट्रूडर विभागात ऑपरेटर म्हणून कार्यरत आहे. ऑगस्ट 2025 पासून पक्षाघाताच्या आजारामुळे रजेवर आहे. वैद्यकीय कागदपत्रे सोबत जोडली आहेत. मी राजीनामा दिलेला नाही व देण्याची माझी इच्छा नाही. माझ्या डॉक्टरांच्या मते मी बसून करावयाची किंवा हलकी कामे करू शकतो. स्टोअर, वजनकाटा किंवा गुणवत्ता तपासणी विभागात माझ्या सध्याच्या वेतनावर व सेवेच्या सातत्यासह मला काम द्यावे. आपल्याला माझी वैद्यकीय तपासणी करावयाची असल्यास मी तयार आहे. तसेच आपल्या आस्थापनेचे समान संधी धोरण व माझ्या नावे असलेल्या सामूहिक विम्याची माहिती लेखी द्यावी. आपले उत्तर पंधरा दिवसांत मिळावे.’

दोन प्रती काढा. एकीवर कंपनीचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर वाद घालू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टाने नोंदणी करून पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. मॅनेजरने बोलावून पुन्हा राजीनाम्याचा कागद पुढे केला तर भावांनी एवढंच म्हणावं, ‘साहेब, घरी वाचून सांगतो,’ आणि कागदाचा फोटो काढून मला पाठवावा.